बॉल तिकडे असताना

बिलासपूर
१४ जुलै १९७४

प्रिय सत्या,

तुझ्या लग्नाला आले नाही म्हणून रागावली असशील. पण हॉकीचा कॅम्प सुटला आणि लगेच रेल्वेत नोकरीवर हजर व्हायचं होतं. बाबांनी वरठी स्टेशनला येऊन गाडीत बसवून दिलं. आई फलाटावर पदराने डोळे पुसत होती, आणि बाबा मला ऑफिसात साहेबांशी कसं बोलावं ते सांगत होते. जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्म काढलेल्या माणसाला नोकरी म्हटली की आधी साहेबच दिसतो.

इथे सकाळी मैदान, मग पार्सल ऑफिस, संध्याकाळी पुन्हा मैदान. होस्टेलात मराठी बोलणारी मी एकटीच. पंजाबच्या मुली आहेत, रांचीकडच्या आहेत, सगळ्या मोकळ्या स्वभावाच्या आहेत. पण जेवताना आपापल्या भाषेत बोलायला लागतात, तेव्हा मी ताटात बघत बसते.

तू इथे हवी होतीस. मी हे उगीच म्हणत नाही. नागपूरच्या निवडीत सगळे तुलाच पाहत होते. मी तुझे फटके अडवत होते, म्हणून त्यांच्या नजरेत आले. यादीत दोघींची नावं होती. केशवकाका लेकीला न्यायला म्हणून कॅम्पवर आले, तेव्हा मला वाटलं चार दिवसांसाठी नेताहेत. तू पिशवी उचललीस आणि त्यांच्या मागे निघालीस. एवढ्या जोरात धावणारी तू, त्या दिवशी किती हळू चालत होतीस.

साकोली कशी आहे? घनश्यामराव कसे आहेत? लिही.

तुझी
चंद्रा


साकोली
२ सप्टेंबर १९७४

प्रिय चंद्रा,

पत्र भेटलं. बाईंना दाखवायचा निबंध असल्यासारखं शुद्ध लिहायला बसली अन् दोन कागद फाडले. आता बोलते तशीच लिहून राहिली, तू समजून घे.

आमचं घर मोठ्या रस्त्यावर आहे. खाली कपड्याचं दुकान, वर आम्ही. रायपूरकडचे ट्रक दिवसभर जात राहतात अन् भांडे मांडणीत हालत राहतात. पहिले मले वाटे भूकंप आला, आता ट्रक नसला तर चुकल्यासारखं वाटते. धानाची रोवणी आटोपली, लोकाइच्या हाती पैसा नाही, म्हणून दुकान रिकामं आहे. धान निघाला का गर्दी होईन. हे चांगले आहेत, कमी बोलतात. सासूबाईही कमीच बोलतात, पण जेवढं बोलतात ते सारं माझ्याचबद्दल.

बाबावर माझा राग नाही. त्याइले वाटलं, पोरगी गावोगाव खेळत फिरली तर तिले कोण करन? स्थळ चांगलं होतं, थांबणारं नव्हतं. मी तेव्हा बोलली असती तर काय झालं असतं, हा विचार मी भाकरी करताना करत नाही, भाकरी करपते.

एक कर माझं. मॅच झाली का मले मॅच लिही. नुसतं जिंकलो-हारलो नको. बॉल कुठून आला, कोणी मारला, तू कुठं उभी होती, सारं लिही. सासूबाईले ठाऊक नाही मी खेळत होती म्हणून. ह्याइले ठाऊक आहे. एकदा म्हणाले, ‘तू खेळत होती म्हणे.’ मी म्हटलं, हाव. मग ते जेवत राहिले.

तुझी
सत्या


हॉलंड
२० सप्टेंबर १९७६

प्रिय सत्या,

भारताचा कोट अंगात घालून हे पत्र लिहिते आहे. खोलीत कोणी नाही, म्हणून आरशासमोर उभी राहून घेतलं. बाह्या जरा लांब आहेत. निवडीची तार गेली तेव्हा बाबांनी क्वार्टरच्या अख्ख्या लाइनीत पेढे वाटले, आणि आईने लिहवून पाठवलं की थंडीत कान बांध.

इथलं गवत गालिच्यासारखं आहे. सकाळी इतकं दव असतं की बुटात पाणी जातं. जेवायला पाव, पुन्हा पाव, आणि पिवळ्या लोण्याचे चौकोन. तिखट कुठेच नाही. मार्गारेट नावाची कलकत्त्याची मुलगी माझ्या खोलीत असते, तीही गोलकीपर आहे. खूप छान आहे, फक्त घोरते. काल आपण दोन-शून्यने जिंकलो. त्याआधीची मॅच बरोबरीत सुटली. लोक मैदानाच्या कडेला छत्र्या घेऊन उभे राहतात आणि चांगला फटका कोणाचाही असो, टाळ्या वाजवतात.

इथून आणखी दोन गावी जायचं आहे. तिथूनही लिहीन.

तुझी
चंद्रा


साकोली
१५ नोव्हेंबर १९७६

प्रिय चंद्रा,

परदेशातले तुझे तिन्ही पत्रं भेटले. ह्याइनं पेपरातलं तुमच्या टीमचं चित्र कापून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं. गिऱ्हाईकाले सांगतात, ही आमच्या घरच्या बाईची मैत्रीण, भंडाऱ्याची पोरगी. त्यात तुझं तोंड चण्याएवढं आहे, तरी लोकं वाकून पाहतात. आमची पोरगी आता रांगून राहिली, तीही त्या भिंतीपाशी जाऊन बसते.

आता एक विचारते. पत्रं मी पुन्हा पुन्हा वाचले. तू गवताचं लिहिलं, दवाचं लिहिलं, पावाचं लिहिलं, मार्गारेटच्या घोरण्याचं लिहिलं. बॉलचं काहीच लिहिलं नाही. शाळेच्या मॅचनंतर तू सायकल हातात धरून एकच गोल ठाणा गावाच्या फाट्यापर्यंत सांगत यायची. आपला रस्ता संपे, तुझा गोल संपत नव्हता. अन् परदेशात जाऊन तुले सांगायला काहीच नाही?

तू खेळली नाही ना, चंद्रा?

तू खोटं लिहिलं असं मी म्हणत नाही. खोटं तू काहीच लिहिलं नाही. मी कोणाले सांगणार नाही. पण मले तरी सांग.

तुझी
सत्या


बिलासपूर
३ डिसेंबर १९७६

प्रिय सत्या,

हो. नाही खेळले. एकही मॅच नाही.

दोन गोलकीपर नेतात. एक खेळते, दुसरी तिला काही झालं तर म्हणून सोबत असते. बाकीच्या मुलींना आलटून पालटून संधी मिळते, पण गोलकीपर सहसा कोणी बदलत नाही. सकाळी मी पॅड बांधते, सगळ्या माझ्यावर फटके मारून हात मोकळे करून घेतात. मग मी पॅड सोडते आणि मार्गारेट बांधते. तिचे मागचे पट्टे मीच आवळून देते. मग कोट घालून बाकावर जाऊन बसते. मॅच संपली की त्यांचे कपडे चिखलाने भरलेले असतात. माझे घडी करून पेटीत ठेवता येतात.

सगळ्यात वाईट काय ते सांगू? मार्गारेट पडली की बाकावरून सगळ्यांच्या आधी मी उठते. सगळ्यांना वाटतं, काळजीने उठली. मलाही तसंच वाटावं म्हणून मी फार प्रयत्न करते.

बाबा पत्रात विचारतात, पोरी, किती गोल अडवले? मी लिहिते, आपल्या संघावर एकच गोल झाला. ते ती पत्रं फॅक्टरीच्या बसमध्ये वाचून दाखवतात. आईबाबांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तू ओळखलंस, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पत्र वाचून झाल्यावर मी मैदानावर गेले. कोणी नव्हतं. जाळीत जाऊन उभी राहिले. बरं वाटलं.

तुझी
चंद्रा


बिलासपूर
२२ ऑक्टोबर १९७८

प्रिय सत्या,

खेळले.

मार्गारेट लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली. जाताना मिठी मारून म्हणाली, ‘अब तुम्हारा है,’ आणि गोलाकडे हात केला. त्या वेळी मला तिच्यासाठी खरंच रडू आलं.

सिंगापूरला स्पर्धा होती. आता सगळं सांगते, तू सांगितलं होतंस तसं. मैदान ओलं होतं, मधल्या भागात बॉल अडकायचा. आपण एक-शून्यने पुढे. शेवटी शेवटी त्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला. एकीने रेषेवरून बॉल ढकलला, दुसरीने हाताने थांबवला, आणि मागून एक उंच मुलगी स्टिक उचलून आली. माझ्या समोर आपल्याच दोघी धावत होत्या, मला बॉल दिसलाच नाही. तिची मनगटं तेवढी दिसली. सत्या, ती तुझ्यासारखी वळली. खांबाजवळून घालायचं असलं की तुझी मनगटं अशीच आधी आत वळायची, आणि मी तसं म्हटलं की तू नाही म्हणायचीस. मी बॉल न पाहता डावीकडे झेपावले. तो पायाला लागून खांबाबाहेर गेला. एवढ्या जोरात लागला की दोन दिवस बोटं काळी होती.

शिट्टी झाली तेव्हा सगळ्या मुली पलीकडच्या अर्ध्यात होत्या. तिकडेच त्यांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मी पॅडसकट पळत निघाले. पॅड घालून पळणं म्हणजे तलावाच्या गाळातून म्हशीचं चालणं. पोचेपर्यंत त्या मैदानाबाहेर निघाल्या होत्या. मग मी परत गेले, जाळीमागची पाण्याची बाटली उचलली आणि आले.

हे सगळं तुला लिहायचं म्हणून लक्षात ठेवलं होतं. गोल कोणी मारला ते सगळे विचारतात. कसा अडवला ते कोणी विचारत नाही. लवकर लिही.

तुझी
चंद्रा


बिलासपूर
९ जून १९७९

प्रिय सत्या,

सिंगापूरच्या पत्रानंतर मी तुला चार पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर नाही. आधी वाटलं टपालात गहाळ झाली असतील. मग वाटलं तुझ्या सासूबाई तुला लिहू देत नसतील, पत्र तुझ्या हाती जाऊ देत नसतील. मग याहून वाईट विचार यायला लागले, म्हणून बाबांना साकोलीला पाठवलं. रागावू नकोस.

ते म्हणाले, बरी आहे. दुसरी मुलगी झाली आहे. चहा दिला, पोहे केले, घनश्यामरावांनी बसपर्यंत सोडलं. आणि म्हणाले, ‘पण तुझं नाव काही तिनं काढलं नाही.’ त्यांना हे सांगायचं नव्हतं. मीच खोदून विचारलं.

माझ्याकडून काय चुकलं ते तरी कळव. इथे दौऱ्यावरून आलं की मुली घरी पत्र लिहायला बसतात. मी तुला लिहायला बसायचे. आता काय करावं ते कळत नाही.

चंद्रा


साकोली
१८ ऑगस्ट १९७९

प्रिय चंद्रा,

मले काही झालं नाही. घरचं कोणी पत्र लपवत नाही. ह्याइनं तर दोनदा विचारलं, चंद्राले उत्तर काहून देत नाही म्हणून. मीच दिलं नाही.

सिंगापूरचं पत्र आलं तेव्हा मी दुकानात लुगड्याच्या घड्या करून राहिली होती. तिथंच उघडून वाचलं. मनगटाचं आलं अन् माझा हात घडीवरच थांबला. समोर गिऱ्हाईक बाई उभी होती, दुसरा रंग दाखवा म्हणून राहिली होती. मी तिले रंग दाखवला. पत्र पोलक्यात ठेवलं. त्याच्यानंतर तुझे जे आले ते फोडलेच नाहीत.

खरं लिहिते. तू बाकावर बसत होती तोवर माझी तुझ्यावर फार माया होती. मले वाटे, मी इथं बसली, चंद्रा तिथं बसली, आपण दोघीही बाहेरच. तू आत गेली अन् मी एकटीच उरली. तू तो बॉल अडवला, मले आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. माझे मनगटं तुले कामी पडले अन् मी लुगडे घडी करून राहिली, एवढंच मनात आलं.

असं कोणी मैत्रिणीले लिहीत नसन. मीही लिहिलं नसतं. पण तू धाडलं म्हणून टेकचंदकाका इतक्या उन्हात बसनं आले, चहा पीत पीत माझ्या तोंडाकडे पाहत होते, अन् मी त्याइले पोरीइचं आजारपण सांगत बसली. ते गेल्यावर मले माझीच लाज वाटली.

पत्र लिहणं सोडू नको. पण हॉकीचं लिहू नको. दुसरं काहीही लिही.

तुझी
सत्या


बिलासपूर
१२ डिसेंबर १९८२

प्रिय सत्या,

तू सांगितल्यापासून मी पाळलं. इतक्या वर्षांत आपण तुझ्या मुलींचे दात, त्यांची शाळा, माझ्या छताची गळती, सगळं लिहिलं. आई गेली तेव्हा तू आलीस, चुलीपाशी बसून सगळ्यांचा स्वयंपाक केलास, आणि मी पोचायच्या आत तुझी परतीची बस निघून गेली होती. तेव्हा मी दूर होते. कुठे होते ते तुला लिहिलं नाही.

होस्टेल सुटलं, मला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या आहेत. एकीत मी राहते, दुसरीत पॅड वाळतात. तुमसरचं ते शेवटचं स्थळ आठवतं? मुलगा खरंच चांगला होता. त्याच्या आईने विचारलं, ‘पोरगी घरी केव्हा असते?’ बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर कोणी आलं नाही. बाबा निवृत्त झाले, जवाहरनगरचं क्वार्टर सोडावं लागलं. आता वरठीला खोली घेऊन एकटेच राहतात आणि गाड्यांचे आवाज ऐकतात. गाडी बिलासपूरकडून आली की उठून बसतात, असं शेजारीण म्हणाली.

आता एकदाच वचन मोडते. जानेवारीत सोळा तारखेला नागपूरला जर्मनीच्या मुलींशी आपला सामना आहे. तो माझा शेवटचा. गुडघे आता ऐकत नाहीत. एकोणीस वर्षांची एक मुलगी बाकावर बसते. मी पडले की ती सगळ्यांच्या आधी उठते. चांगली मुलगी आहे. तिचा मला राग येत नाही.

बाबांना प्रवास झेपत नाही. तू ये असं मी म्हणत नाही. फक्त तुला माहीत असावं.

तुझी
चंद्रा


साकोली
२० जानेवारी १९८३

प्रिय चंद्रा,

मी आली होती.

ह्याइले म्हटलं, नागपूरले जायचं आहे. काहून ते विचारलं नाही. दुकान बंद ठेवलं, पोरी सासूबाईजवळ ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘कोणाचं लग्न आहे?’ मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीची हॉकीची मॅच आहे, मीही खेळत होती. त्या मग म्हणाल्या, स्वेटर घेऊन जा, संध्याकाळी गारठते.

आम्ही तुझ्या गोलाच्या बाजूले बसलो, अगदी खालच्या पायरीवर. मले भीती होती का मी पोरीइचं खेळणं पाहीन अन् मले पुन्हा तसंच होईन. स्टिका वाजल्या अन् मी पिशवी मांडीवर ओढून धरली. पण मग बॉल तिकडे गेला अन् लवकर आलाच नाही. सारे लोकं तिकडे पाहत होते. मी तुझ्याकडे पाहत राहिली.

तू एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जाऊन येत होती. तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलत होती. एकदा वाकून जमिनीवरचा खडा उचलला अन् बाहेर फेकला. मग तिकडं आपला गोल झाला. सारं मैदान ओरडलं. पोरी एकमेकीच्या गळ्यात पडल्या. तू दोन्ही हात वर केले. तुझ्याजवळ कोणीच नव्हतं. थोडा वेळ हात तसेच ठेवले अन् मग खाली घेतले. मी उठून टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, ‘अगं, गोल तिकडं झाला.’ मी म्हटलं, मले ठाऊक आहे.

मग जर्मनीच्या पोरीइनं बरोबरी केली. तू पडली होती, बॉल वरून गेला. तुले उचलायला कोणी आलं नाही. तूच उठली, जाळीतून बॉल काढला अन् आपल्या पोरीइकडं ढकलून दिला, जसं काही झालंच नाही. चंद्रा, मले वाटे तू आत आहे अन् मी बाहेर. आत असं असते हे मले ठाऊक नव्हतं. मी नेहमी गर्दीतच खेळली. मी गोल मारला का पोरी माझ्याकडेच धावत येत. मागं वळून तू काय करते हे मी एकदाही पाह्यलं नाही.

संपल्यावर फाटकापाशी उभी राहिली. तू कोट घालून आली, लंगडत होती. माझ्यासमोरून गेली. माझ्याकडं पाहून हसली, जसं कोणाकडंही पाहून हसतात तसं, अन् गाडीत बसली. मले हाक मारता आली नाही. तुझा दोष नाही. मी जाडी झाली, डोक्यावर पदर होता. आम्ही शेवटच्या बसनं आलो. भंडारा गेल्यावर हे म्हणाले, ‘एकटीचं काम आहे बाप्पा ते.’

तुझी
सत्या


वरठी
६ मार्च १९८३

प्रिय सत्या,

तुझं पत्र बिलासपूरला पोचलं तेव्हा मी बदलीच्या मागे होते. मिळाली. आता इथल्याच भंडारा रोड स्टेशनवर बुकिंगच्या खिडकीत बसते आणि बाबांजवळ राहते. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून ओरडून बोलावं लागतं. शेजाऱ्यांना वाटतं आम्ही भांडतो. पॅड त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला देऊन आले. तिने विचारलं, ‘दीदी, डर लगता है क्या?’ मी खरं ते सांगितलं, की बॉल जवळ असतो तेव्हा नाही लागत.

फाटकापाशी उभी असलेली ती बाई मला आठवते. हिरवं लुगडं होतं, हातात पिशवी होती. मला वाटलं तिला सही हवी असेल, पण मागायला लाजते आहे. मी थांबणार होते. गुडघा फार दुखत होता, म्हणून नुसती हसले आणि पुढे गेले. तुझं पत्र वाचल्यापासून ती बाई रोज माझ्यासमोर उभी राहते आणि रोज मी गाडीत बसते.

त्या दिवशी हात वर केले तेव्हा मला नेहमीसारखंच वाटलं होतं, की हे कोणी पाहिलं नाही. इतकी वर्षं तेच वाटत होतं. शेवटच्या दिवशी ते खरं नव्हतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

येत्या रविवारी सुट्टी आहे. सकाळच्या बसने साकोलीला येते. दुकानासमोर उतरेन. या वेळी मी नीट बघेन, पण इतकी वर्षं गेलीत, तूही बदललीस, मीही बदलले. नाहीच ओळखलं तर हाक मार. मैदानावर सगळ्यांना हाका मीच मारत आले. मला कोणी हाक मारलेली आठवत नाही.

तुझी
चंद्रा